डावा गाल

‘लेकीच्या माझ्या गाली, कुणी सांडली गं लाली, सांज वाट चुकली, अन् वस्तीला इथं आली...’

आईचा आवाज असा कुठेही अवचित यायचा. आत्ता आला तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, त्यांनी भिंग गालाशी आणलं तेव्हा. आई जाऊन युग लोटलं होतं. पण गाल कुणी निरखून पाहिला की तिला आईच आठवे. तेव्हाची लाली खेळून आल्यावर चढायची नि पाण्याच्या हबक्यासरशी उतरायची. आताची उतरत नव्हती. नाकाच्या कडेपासून कानापर्यंत लालजांभळे धागे पसरले होते, उसवलेल्या भरतकामासारखे.

‘काय काय लावलंत आजवर?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

‘काय नाही लावलं ते विचारा! लिंबू, बर्फ, शेजारणीचं मलम. खरखरीत टॉवेलनं घासलंसुद्धा. म्हटलं डाग आहे, घासला की निघेल.’

तिचा जन्म लाँड्रीत गेला होता. ओल्या चादरी वाफेच्या प्रेसखाली घालायच्या, झाकण दाबायचं, उचलायचं, की आतून वाफेचा लोट. डागाशी झुंजायचं एवढंच तिला ठाऊक.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कोपऱ्यात बसलेल्या तिच्या नवऱ्याला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटलं.

‘डावा गालच जास्त लाल आहे,’ त्या हळू म्हणाल्या. ‘घरात कुणी हात उगारतं का? मला सांगा. या खोलीबाहेर जाणार नाही.’

तिला हसूच फुटलं. ‘हे? अहो, हे झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात! प्रेसचा दांडा उजवीकडे आहे ना. ओढायला वाकलं की डावा गाल वाफेवर येतो. म्हणून...’

बोलता बोलता तिचा हात गालावर गेला. डावा गाल. समोर उभ्या माणसाचा उजवा हात जिथे पडेल, तो गाल.

मग एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत तिच्यापुढे येऊन उभी राहिली. शेजारीण म्हणायची, ‘कधीही दार वाजव हो, मी आहे.’ दादा घरी यायचा बंद झाला होता. बोलवायचा तेव्हा म्हणायचा, ‘तू एकटीच ये.’ चेहरा जास्त पेटलेला असला की लाँड्रीतली घडीवाली तिच्या हातातलं ओझं काढून घ्यायची. जग किती मायेचं आहे, असं तिला वाटत आलं होतं.

डॉक्टरीणबाई पुढचं सांगत राहिल्या. बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या आहेत. घासायचं नाही, लिंबू-बर्फ बंद, उन्हात जाताना मलम. लेसरनं फिकट होतील; पण वाफ तोंडावर घेत राहिलात तर पुन्हा येतील. ती मान हलवत होती. कान बाहेरच्या बाकाकडे लागले होते.

बाकावर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. कुलुपं दुरुस्त करून करून राठ झालेले ते मोठे हात तिनं आज परक्याच्या नजरेनं पाहिले.

‘काय म्हणाल्या?’

‘तुम्ही मारता का, विचारलं.’

तो चकित झाला नाही. तिथेच तिला सगळं कळलं.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘तुझा दादा आला होता दुकानावर. फार वर्षं झाली. म्हणाला, पुन्हा हात लावलास तर बघ.’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘काय म्हणणार? मी मारत नाही, मारत नाही, असं गावभर सांगत सुटलेला माणूस कसा दिसतो गं? नाही म्हटलं की लोकांना हो ऐकू येतं.’ त्यानं बोटाचं नख खरवडलं. ‘आणि तुला कळलं असतं तर माझ्यावरचा आळ जावा म्हणून तू प्रेस सोडली असतीस. ताज्या धुतल्या चादरींच्या वासानं तुझा जीव हरखतो.’

ऊन चढलं होतं. नेहमीसारखी ती लाँड्रीकडे निघाली आणि नेहमीसारखा तो कोपऱ्यावर थांबला. बुजरा आहे, बायकांच्या घोळक्यात यायला लाजतो, असंच ती आजवर धरून चालली होती.

ती परत फिरली. त्याचं मनगट धरलं.

‘अगं, नको. त्या बघतात.’

‘बघू देत.’

फाटकाच्या आत, सावलीला, घडीवाली आणि इतर बायका डबे सोडून बसल्या होत्या. बोलणं तुटलं. ती मधोमध उभी राहिली. गाल धगधगत होता. तो तिनं झाकला नाही.

‘यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही,’ ती म्हणाली. ‘एकदाही नाही. हा वाफेचा रंग आहे.’

‘बाई गं, आम्ही कुठं काय म्हटलं?’ घडीवाली गडबडली.

‘म्हटलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं.’

घडीवालीनं उघड्या दारातून आतल्या प्रेसच्या दांड्याकडे पाहिलं, तिच्या गालाकडे पाहिलं. मग शेजारची जागा पदरानं झाडली आणि सरकून बसली.

‘बसा ना भाऊजी,’ ती म्हणाली. ‘उन्हात कशाला उभे?’

तो बसला, अगदी कडेला, पाहुण्यासारखा. भोंगा झाला, तशा बायका आत गेल्या. ती उठली नाही.

‘वाईट वाटायचं का हो?’

‘चालायचंच...’ तो सवयीनं म्हणाला आणि थांबला. दोन्ही तळवे त्यानं उलटे करून पाहिले.

‘रोज वाटायचं गं,’ तो म्हणाला. ‘रोज.’