बारदान वजा करून

आमचे दादा, अमृतराव, हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात मापाडी होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची हळद तोलली, पण स्वतः काट्यावर कधी चढले नाहीत. त्यांचं वजन जगाला कळलं ते अठ्ठ्याहत्तर साली, हर्नियामुळे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकशे अठरा किलोच्या माणसाला भूल देणार नाही, आधी वीस किलो उतरवून आणा.

"वीस किलोत काय, पोत्याचा कोपरा बी भरत न्हाई," दादा म्हणाले, आणि दोन महिन्यांत त्यांनी तीन किलो वाढवले. हर्निया मात्र लिंबाएवढा होता तो पेरूएवढा झाला.

मग कुणीतरी दुसरा डॉक्टर सुचवला. तरुण होता आणि दवाखाना नवा होता. त्याने स्वतःच्या कल्पनेने एक रबरी फुगा तयार केला होता. नळीवरून तो पोटात सोडायचा, अर्धा लिटर मिठाचं पाणी भरायचं आणि नळी काढून घ्यायची. पोट भरलेलं वाटतं, माणूस कमी खातो.

"आधी किती जणांना बसवलाय?" मी विचारलं.

"तुमचे वडील दुसरे."

"पहिले कसे आहेत?"

"परत आले नाहीत," डॉक्टर समाधानाने म्हणाले. "म्हणजे तक्रार नसणार."

"आणि फुगा फुटला तर?"

"लगेच घेऊन या."

"कळणार कसं?"

"कळेल हो."

पहिले आठ दिवस दादा नुसते ओकत होते. आई, चतुराबाई, पाठ चोळता चोळता म्हणाली, "चार लेकरं झाले मला, पर इतकी तकलीफ न्हाई झाली. कितवा म्हैना धरायचा तुमाला?"

ओकाऱ्या थांबल्या आणि दर सोमवारी बाजारात दादांना तोलायचा कार्यक्रम सुरू झाला. काट्याच्या एका पारड्यात दादा, दुसऱ्यात मापं, भोवती सगळे हमाल. हळद तोलताना रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करतात. दादांनी तोच नियम स्वतःला लावला.

"फुगा काही माझा न्हाई," ते पारड्यातून ओरडत. "अर्धा किलो कापा!"

हमालांचा मुकादम मुंजाजी कापायचा. "अमृतराव, बारदान चांगलं हाय, माल जरा ओला हाय तुमचा," असंही म्हणायचा. बाजार हसायचा, सगळ्यांत मोठ्यांदा दादा.

अडीच महिन्यांत वजन एकशे सहावर आलं आणि तिथेच अडलं. दोन सोमवार काटा हलला नाही. तिसऱ्या सोमवारी भरलं बरोबर अर्धा किलो कमी. बाजाराने जल्लोष केला. बारदान वजा करून एकशे पाच! मुंजाजीने सगळ्यांना शेवचिवडा वाटला. त्या दिवशी दादांना भूकही कडकडून लागली होती. ताटभर खाऊन ते बोटं चाटत बसले, आम्ही कौतुकाने बघत बसलो.

मी शाळेत गणित शिकवते. फुग्यातलं पाणी अर्धा लिटर. काट्यावर बरोबर तेवढंच वजन कमी भरलं होतं, आणि त्यातून बाजाराने आणि मी फुगा पुन्हा एकदा वजा केला.

बुधवारी दादांचं पोट टमटम फुगलं. ओकाऱ्या परत सुरू झाल्या. "दुसरं बी हाय का काय आत?" आई म्हणाली. गुरुवारी तिची थट्टा बंद झाली आणि आम्ही त्यांना एसटीने नांदेडला नेलं. फाटका फुगा खाली सरकून आतड्यात अडकला होता. तिथलं आतडं काळं पडलं होतं. मोठ्या दवाखान्यात दहा मिनिटांत भूल दिली. वजन कुणी विचारलं नाही.

शुद्धीवर आल्यावर दादांनी भाकर मागितली. मग पाणी.

"थेंबभरही द्यायचं नाही," नर्स म्हणाली होती. मी ओल्या कापसाने ओठ पुसत राहिले.

"काहून गं?" दादा म्हणाले. "एक घोट दे की."

"दादा, टाके आहेत."

"बराबर मापाडी झाली तू. थेंब इकडचा तिकडं न्हाई." हसायला गेले आणि टाक्यांवर हात धरला.

दोन दिवस मी नियम पाळला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. कोरड्या तोंडानेच.

तिरडी हमालांनी उचलली. मुंजाजीने चौकाशी येईतो दोनदा खांदा बदलला. "उतरलेत म्हणत होते सगळे," तो रडत रडत पुटपुटला, "कोन उतरलंय?" शेजारचे दोघे हसले आणि लगेच नाक पुसू लागले.

संध्याकाळी कडू घास आला. आमच्यात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे भाकर आणतात. घरच्यांनी नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, मग कसेबसे दोन घास गिळायचे. सुभद्राबाईंनी पिठलं-भाकर पुढे केली. आईने रीतीप्रमाणे तोंड फिरवलं.

"खा माय, दोन घास तरी," सुभद्राबाई मला म्हणाल्या.

मी ताट ओढून घेतलं. दोन भाकरी खाल्ल्या, कांदा फोडून खाल्ला, वर तांब्याभर पाणी प्यायले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"आणखी आहे का?" मी विचारलं.

सुभद्राबाईंनी वाढलं.