दोन तारांचं घर

"भिंत ठेवायची आहे की चाळण करायची आहे? विचार त्याला," आई मुलाच्या कानाशी पुटपुटली. वायरमनला ऐकू जाईल इतक्याच हळू.

"नवीन भोक एकही नाही, मावशी. जुनीच जरा रुंद करतोय," ओट्याखालून उत्तर आलं.

परवा मुलगा आला, पाणी प्यायला म्हणून त्याने फ्रिज उघडला आणि झटका बसून दोन पावलं मागे सरला. तेव्हा कुठे कळलं की आई आठ महिने फ्रिजला कोरड्या फडक्यानेच हात लावते.

"सांगितलं का नाहीस?"

"तू कामात असतोस."

वडील गेल्यापासून फोनवरचं बोलणं ठरून गेलं होतं. जेवलीस का, जेवले. गोळी घेतलीस का, घेतली. त्यात फ्रिजचा विषय निघायचा कसा?

सोमवारी त्याला परत जायचं होतं. त्याआधी घर असं करून ठेवायचं होतं, की आई इथे एकटी राहू शकेल आणि त्याला तिथे झोप लागेल.

झटका बसताच स्वतःहून वीज तोडणारी पाच सेफ्टी सॉकेट बसली. मुलाने मुद्दाम विकत आणलेला टेस्टर एकेकात खोचून त्याचं बटण दाबलं. वीज तुटायला हवी होती, पण काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. चेहराच उतरला त्याचा.

"पाचही खराब?"

"सॉकेट ठणठणीत आहेत, साहेब. घर दोन तारांचं आहे. तुमचा टेस्टर थोडी वीज अर्थिंगमध्ये सोडून बघतो. इथे अर्थिंगच नाही, सोडणार कुठे बिचारा? सॉकेटवरचंच बटण दाबायचं."

वायरमनने टेबललॅम्प लावला, बटण दाबलं. टक. दिवा गेला. शेजारचं दाबलं, आला. असं पाचही ठिकाणी करून त्याने प्रत्येकावर 'अर्थिंग नाही' अशी चिठ्ठी चिकटवली.

"अर्थिंग आलं असं समजू नका. पण वीज अंगातून जायला लागली तर हे लगेच तोडेल. फ्रिज मात्र मेकॅनिकला दाखवा."

"म्हणजे आता काळजी नाही," मुलगा म्हणाला. एवढा मोठा बाप्या, पण पेपर सोपा गेल्यासारखा दिसत होता.

"महिन्यातून एकदा बटणं दाबून बघायची. मध्येच एखादं सॉकेट बंद पडलं तर लक्षात यायला हवं. घरात कोण कोण असतं?"

"आई असते. खंबीर आहे ती. बाबा गेले तेव्हाही रडली नाही. सगळे नातेवाईक अजून नाव काढतात."

आईने पदर उगाचच सारखा केला. वायरमन मान खाली घालून हत्यारं भरू लागला.

"जमेल ना, आई? करून दाखव बघू एकदा."

तिने बटण दाबलं. दिवा गेला. बोट तिथेच राहिलं.

"आता शेजारचं. आई?"

"काम चांगलं करून घेतलंस रे," ती म्हणाली. "पण मला इथे एकटीला नाही राहवत."