जालीचं तोंड

'जाली' हा शब्द न्यीमा सुसोला मनापासून नकोसा होता. सेरेकुंदा शहरात ती रेडिओवर बातम्या वाचायची. तिथं जाली म्हणजे लग्नात घुसून गोडगोड गात पैसे उकळणारी बाई. आपले पूर्वज राजांच्या दरबारात कोरा नावाचं तंतुवाद्य वाजवत, हे सांगून ऐकतंय कोण?

पण आज तिच्या जाली वडिलांचा, फोदेंचा, घसा बसला होता आणि गावी सान्यांगांच्या घरी बारसं होतं, म्हणून जालीचं काम तिच्यावर आलं होतं. फान्सू आणि धाकटा केबा या भावांत एका बैलावरून कित्येक वर्षं अबोला. बाळ केबाचं; पण नाव थोरल्यानं ठेवायचं, म्हणून फान्सू आले होते. ते नाव न ठेवता उठून गेले असते, तर घर कायमचं फुटलं असतं.

मोठा माणूस चारचौघांत आवाज चढवत नाही. तो पुटपुटतो, जाली मोठ्यानं सांगतो. फान्सू न्यीमाच्या कानाशी पुटपुटले आणि तिनं बातमी वाचावी तसं शब्दन् शब्द सांगून टाकलं.

"फान्सू म्हणतात, बैलचोराच्या घरी मी फक्त बाळासाठी आलोय!"

झालं! केबा उसळला. "ऐकलंत? लेकरासमोर मला चोर म्हणतो!"

फान्सूंनी छत्री उचलली. फोदेंनी लेकीला बाही धरून खाली ओढलं. ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले,

"अगं बये, तू जाली की कर्णा?"

"ते म्हणाले तेच मी बोलले, बाबा!"

"राजे काय कमी शिव्या द्यायचे? जालींनी सगळ्या पोचवल्या असत्या तर एक गाव उरलं नसतं."

न्यीमानं फान्सूंच्या धुळीनं माखलेल्या पायांकडे पाहिलं. हा हट्टी म्हातारा एवढ्या उन्हात चालत आला होता. ती उठली.

"फान्सूकाका, बसा. चुकलं माझं. नाव तेवढं सांगा."

फान्सू कसेबसे टेकले आणि पुन्हा तिच्या कानाशी पुटपुटले, "सुंकारू. आमच्या बापाचं. आणि केबाला सांग, माझा राग गेलेला नाही."

न्यीमानं श्वास भरून घेतला. "बाळाचं नाव सुंकारू! फान्सू म्हणतात, बापाचं नाव परक्या दारात ठेवत नाहीत. हे माझंच घर आहे!"

फान्सूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिला खोटं पाडायला त्यांना एक शब्द पुरे होता. केबाचा हुंदका ऐकू आला.

मग फान्सू स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "जालीनं बरोबर सांगितलं."

न्यीमा सवयीनं वडिलांकडे वळली. फोदे हसत तिच्याचकडे बोट दाखवत होते.