जावेचा आवाज

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये निवड होती. मखमलाबादहून दोघी जावा एकाच रिक्षानं गेल्या, थोरली चैताली आणि धाकटी भाग्यश्री. मळ्याकडच्या भजनी मंडळात अभंग उचलायचा तो चैतालीनंच. निवड झाली भाग्यश्रीची.

"आवाज छान आहे हो ताई," तिथल्या मुलीनं चैतालीला सांगितलं, "पण तुमच्यात स्टोरी नाही."

घरी सखुबाईनं, त्यांच्या सासूनं, धाकटीची दृष्ट काढली. चैताली झेंडूच्या माळा ओवत बसली. सुई दोनदा बोटात गेली, तरी तिनं मान वर केली नाही.

मग एका सकाळी ती गुलाब तोडत असताना चॅनलच्या त्याच मुलीचा फोन आला. "भाग्यश्रीताईंबद्दल घरच्यांकडून काहीतरी हवं होतं. त्या कशाला घाबरतात? रडू कशानं येतं?"

काहीही सांगता आलं असतं. चैताली म्हणाली, "ती तोतरी होती लहानपणी. अजूनही चारचौघांत कुणी घाई केली की अडकते. गाताना तेवढी नाही अडकत."

"वा! मस्तच!"

चैताली पुन्हा गुलाब तोडू लागली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

भाग्यश्री मुंबईहून शूटिंग करून परतली ती गप्पगप्पच. कार्यक्रम लागला तेव्हा सगळ्यांना कारण कळलं. परीक्षक टाळ्या वाजवत तिला विचारत होता, "गाव? नवरा? सासू? पटापट! चला, चला!" भाग्यश्री "म... म... मख..." वर अडकली. त्यावर चॅनलवाल्यांनी किक मारूनही सुरू न होणाऱ्या स्कूटरचा आवाज टाकला होता. "पेट्रोल संपलं वाटतं!" परीक्षक म्हणाला. लोक हसून लोटपोट झाले. गाण्याची एकच ओळ दाखवली.

"बंद कर रं ते!" सखुबाई ओरडली. भाग्यश्रीच्या नवऱ्यानं, भिकननं, टीव्ही बंद केला. चैतालीनं तोंडाला पदर लावला होता. तिला हसू आलं होतं.

पण तो तुकडा मोबाईलवर पसरला आणि तिचं हसू गेलं. फूलबाजारात टवाळ पोरं किक मारल्याचा आवाज काढायची, हे खरं. पण कॉलेजच्या मुली भाग्यश्रीला शोधत यायच्या, "ताई, फार वाईट वागले ते," म्हणत तिच्यासोबत फोटो काढायच्या. पलीकडच्या टोपलीपाशी बसलेल्या चैतालीला कुणी भावसुद्धा विचारत नव्हतं. हिची अब्रू गेली तरी नाव हिचंच, या विचारानं ती जळत राहायची.

काही दिवसांनी चॅनलचा परत फोन आला. अंगणात सगळे फुलं निवडत होते. हात ओले, म्हणून भाग्यश्रीनं स्पीकर लावला.

"लोकांना तुम्ही परत हव्या आहात!"

भाग्यश्रीनं नकाराची मान हलवली. चैतालीला राहवलं नाही. ती फोनवर वाकली. "मी येऊ का? मी तिची मोठी जाऊ. मी पण गाते."

"अय्या, चैतालीताई ना? ते तोतरेपणाचं तुम्हीच तर सांगितलं होतं! काय हिट झाला तो भाग!"

सखुबाईच्या हातातली फुलं तशीच राहिली. चैताली फोनपासून मागं सरकली.

भाग्यश्रीनं ओले हात पदराला पुसले. मग ती बोलू लागली. अडकली, थांबली, पुन्हा बोलली. कुणी घाई केली नाही.

"त... ताईंना घ्या. त्या माझ्याहून छ... छान गातात. पण त्यांना काय टोचतं, ते मला विचारू नका. म... मला माहितीये. मी सांगणार नाही."

तिनं फोन बंद केला आणि फुलांची पाटी घेऊन आत गेली.

चॅनलनं चैतालीला काही बोलावलं नाही. भाग्यश्री तिच्याशी कामापुरतंच बोलते. एकादशीला मंडळात बायका म्हणाल्या, "भाग्यश्री, तू उचल गं आज." तिनं अभंग उचलला. चैताली टाळ धरून मागं बसली होती. वरचा सूर स्वच्छ लागला, जरासुद्धा हलला नाही. बायकांनी माना डोलावल्या. चैताली पुन्हा जळली, आणि तिचा टाळ एक मात्रा चुकला.