कान तुटलेला कप

रविवारी आमच्या सिकंदराबादच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा एकच प्याला फिरला. आमच्याकडे भांडी घासणारी यादम्मा प्याली आणि तिच्यामागोमाग माझ्या सासूबाईही.

सोमवारी मी, घरातली नवी सून, यादम्मासाठी चहा ओतायला लागले, तर सासूबाईंनी खिडकीतला कान तुटलेला कप पुढे केला. "तिचा वेगळा असतो."

"काल तर तिचा उष्टा प्याला तोंडाला लावलात!"

"ते चर्चमधलं. घरात नक्को."

माझं डोकंच फिरलं. यादम्माला मी माझा कप दिला आणि त्या तुटक्या कपात चहा ओतून सासूबाईंसमोरच प्याले.

"घ्या, मीही बाटले. आता पाळकसाहेबांना सांगा, येत्या रविवारी माझ्या सुनेला वेगळा प्याला ठेवा म्हणून."