हॉटलाइन गेली कुठे?

नीलिमाताई देवस्थळींना ट्राम चालवायची होती. वय चाळिशीला टेकलेलं, तरी जर्मनीतल्या हाइलब्रॉनच्या रस्त्यात ट्राम वळली की त्या थबकून बघत राहायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, नोकरी गेलीय, आता डोकं तरी जाऊ देऊ नकोस." पण नोकरी गेली म्हणून तर हे सुचलं होतं!

त्या नोकरीला होत्या तो शेजारच्या नेकारसुल्मजवळचा पंपांचा कारखाना २००९ च्या मंदीत परदेशी हलला. काम परदेशी गेलेल्यांना सरकार नव्या कामाचं शिक्षण देत होतं आणि यंत्रांवरच्या सगळ्यांना ते मिळालंही. ताई मात्र हॉटलाइनवर. पंप बिघडला की गिऱ्हाइकं फोन करायची आणि ताई त्यांना मार्ग दाखवायच्या. ट्राम शिकण्यासाठीचा त्यांचा अर्ज फेटाळला गेला, कारण हॉटलाइन नेकारसुल्ममधूनच चालते, असं कंपनीनं बिनदिक्कत कळवलं होतं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉटलाइन पुण्याला गेली होती! तिथे जाऊन जर्मन येणाऱ्या मुलींना शिकवलं होतं ते ताईंनीच, आणि तेही हातचं काही राखून न ठेवता. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर असा, अगदी मन लावून.

त्या तडक मदत कचेरीत गेल्या. तिथले क्लाइनसाहेब सज्जन गृहस्थ, पण नियमाबाहेर पाऊल टाकतील तर शपथ.

"पंपांचं काम सीमेपार गेलेलं दिसतं, फ्राऊ देवस्थळी," ते म्हणाले. "पण तुमचं काम गेलं याला पुरावा काय?"

"हॉटलाइनला फोन लावून बघा ना!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," साहेबांना कल्पना आवडली. "पण तुम्ही अवाक्षर काढायचं नाही."

त्यांनी फोनचा स्पीकर चालू केला. "गुटन टाग, नेकारसुल्महून आन्या वेबर बोलतेय."

ताईंनी आवाज लगेच ओळखला. स्वराली, त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी! मुलींना जर्मन नाव आणि नेकारसुल्मचा पत्ता सांगायची सक्तीच होती.

"तिकडे हवा कशी आहे?" साहेबांनी खडा टाकला.

"ढगाळ आहे, आणि बोचरी थंडी."

खिडकीबाहेर खरंच तसंच होतं; रोज इथली हवा बघून ठेवायला ताईंनीच शिकवलं होतं. ताईंना पोरीचं कौतुक वाटलं आणि रडूही आलं. इतकं छान शिकवायला सांगितलं होतं कुणी!

"माझा पंप गळतोय," साहेब म्हणाले.

"झाकण उघडा आणि आतला वॉशर बदला."

ताई खुर्चीतून उडाल्याच. "अगं स्वराली, आधी वीज बंद करायला सांग! शॉक बसेल ना त्या माणसाला!"

मग आन्या वेबरबाई अस्सल पुणेरी मराठीत किंचाळल्या, "अय्या, नीलिमाताई! चुकलंच माझं! अहो, कुठे आहात तुम्ही? माझं लग्न ठरलं, माहितेय?" मागून "ताई आहेत? मला दे ना!" असा एकच गलका उठला.

साहेबांना शब्दही कळला नाही, पण कळायचं ते सगळं कळलं. "फ्राऊ वेबर," त्यांनी शांतपणे विचारलं, "यांच्या अर्जावर लिहायचंय, तुम्ही नेमक्या कुठे बसला आहात?"

"ताई," स्वराली हळूच म्हणाली, "सांगू?"

"तुझ्या नोकरीवर येणार असेल तर अजिबात नको," ताई म्हणाल्या. ट्राम गेली तर गेली. पोरीच्या लग्नाच्या तोंडावर तिची नोकरी घालवून त्यांना काहीच नको होतं.

स्वरालीनं खणखणीत जर्मनमध्ये सांगितलं, "पुण्यात, हिंजवडीला. माझं नाव नका लिहू, पण पुणे जरूर लिहा!"

"आन्या वेबर तर या जगातच नाही," साहेब म्हणाले. "मी नाव लिहू तरी कुणाचं?" त्यांनी कागदावर पुणे लिहिलं. "आल्झो, तर मग फ्राऊ देवस्थळी, तुमचंही काम सीमेपार गेलंय. अर्ज मंजूर."

ताईंच्या डोळ्यांना धार लागली.

"ताई, काय झालं? काय म्हणतायत ते?"

"ट्राम मिळाली गं, ट्राम!"

हिंजवडीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे जर्मनीतल्या गळक्या पंपांचे फोन खणखणत होते, पण एकही पोरगी उचलेना.