न धुतलेली काथवट

मित्रांनो, मला हात लावण्याआधी एवढे ऐकून घ्या. मी एक जुनी काथवट आहे, लिंडन नावाच्या झाडाच्या एका अखंड ओंडक्यातून कोरलेली, आणि मला धुतलेले चालत नाही. नाक मुरडू नका. माझ्या अंगाला जो आंबूस वास येतो, तीच माझी जन्मभराची कमाई आहे.

कुर्झेमे नावाच्या आमच्या मुलखाच्या किनाऱ्यावर वादळात एक झाड पडले, तेव्हा माझी मालकीण वेल्टा, तिच्या आजोबांनी त्याचे सरपण करू दिले नाही. हिवाळाभर चुलीपाशी बसून ते मला कोरत राहिले. मी इतकी ऐसपैस झाले की आजी म्हणाल्या, "यात पीठ मळायचं की पोरांना आंघोळ घालायची?"

"आधी पीठ. मग बघू," आजोबा म्हणाले. आंघोळीची पाळी कधी आली नाही, हे माझे नशीब.

तेव्हापासून माझ्यात राय नावाच्या धान्याचे काळपट पीठ भिजते आहे. पाव करून झाले की पिठाचा एक गोळा माझ्या कोपऱ्यात राखून ठेवायचा आणि वर मीठ भुरभुरायचे. दह्याला जसे विरजण, तसा हा गोळा. पुढच्या खेपेला तोच नव्या पिठाला फुगवतो. मला नुसते खरवडायचे, पाणी लावायचे नाही. खरवडीचा चिमुकला पाव मुलांना मिळायचा आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मोठा पाव भट्टीत सरकवण्याआधी घरची बाई त्याच्यावर हाताच्या कडेने फुली उमटवायची. हा मान दुसऱ्या कुणाचा नाही. आणि मला कधी घराबाहेर न्यायचे नाही. काथवट परक्या घरी गेली की झुरते, मग तिच्यात पीठ फुगत नाही, असे इथले लोक मानतात.

शेजारी झेंटा नवी नवरी होऊन आली, तेव्हा वेल्टाच्या आईने तिला माझ्यातलाच एक गोळा दिला होता. झेंटा आणि वेल्टा म्हणजे जिवाभावाच्या मैत्रिणी. पण झेंटा पावात शहाजिरे घालू लागली. गावात तिचे कौतुक झाले, आणि वेल्टा सगळ्यांदेखत म्हणाली, "शहाजिरं घातलं की वाईट पावही खपतो." झाले! त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद. बर्फ पडला की मात्र जी आधी उठेल ती दुसरीच्या फाटकापर्यंतची वाट साफ करून ठेवायची आणि मुकाट्याने परतायची. भांडण भांडणाच्या जागी, पण शेजारीण घसरून पडता कामा नये!

पुढे समुद्राच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या देशांचा मिळून एक संघ झाला. बोटीवर कागद विचारणे थांबले. या समुद्राच्या दोन्ही काठांची माणसे मुळातच अबोल. गावातला म्हातारा कोळी एवाल्ड पाइप ओढत म्हणाला, "म्हणजे आता सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं."

एक गोष्ट मात्र फार छान झाली. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी गावोगाव एकच लांब मेज मांडण्याची रीत पडली. प्रत्येकाने आपल्या चुलीचा पाव आणायचा, विकतचा चालत नाही. आणि ज्या घरी संघातल्या दुसऱ्या देशाचे माणूस नांदायला आले असेल, त्या घरचा पाव सर्वांत आधी कापायचा. तो चांगला फुगला असेल तर माणूस रुजले, असे लोक धरून चालतात.

एका वर्षी तो मान आमच्या घराला होता. वेल्टाच्या मुलाने, गाटिसने, डेन्मार्कची बोडिल बायको करून आणली होती. गाटिस समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, आठवडेच्या आठवडे बाहेर. घरी सासू आणि सून. बोडिल विचारायची, "आई, मी काय करू?" वेल्टा म्हणायची, "बस." वेल्टाला वाटे, पोरीला विसावा मिळावा. बोडिलला वाटे, आपण इथे नको आहोत.

मेजवानी तोंडावर आली असताना एके सकाळी वेल्टा माशांना धुरी द्यायला किनाऱ्यावर गेली. बोडिलची नजर माझ्यावर पडली. कडांना वाळलेल्या पिठाचे थर, कोपऱ्यात फडक्याखाली एक आंबलेला गोळा. तिला सासूची कणव आली. म्हाताऱ्या हातांनी घासवत नसेल बिचारीला! तिने तो गोळा कोंबड्यांना टाकला, पाणी उकळले, लॅव्हेंडरचा साबण आणला आणि मला घासून घासून चकचकीत केले. मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी मारले नव्हते.

वेल्टा आली. दारातच थबकली. मग आत येऊन तिने माझ्या कडेवरून बोट फिरवले.

"स्वच्छ झाली," ती म्हणाली.

बोडिलचा चेहरा फुलला. सासूने तिचे केलेले ते पहिले कौतुक होते! वेल्टा परसात गेली आणि कोंबड्यांकडे पाठ करून उभी राहिली. तिने पुन्हा पीठ भिजवून पाहिले, पण ते दगडासारखे पडून राहिले. नवे आंबवण धरायला वेळ लागतो, आणि धरले तरी त्याला तिच्या आईच्या हातची चव कुठून येणार? शेवटी तिने मला ओसरीवर ठेवले आणि माझ्यात कांदे भरले. कांदे! मला रडू आले, आणि ते कांद्यांमुळे नव्हे.

गाटिसचा फोन आला, तेव्हा बोडिल ओसरीवरच बसली होती. तिने मोठ्या उत्साहाने सगळे सांगितले.

"काथवट धुतलीस? साबणानं?" गाटिसने विचारले.

"दोनदा."

"बोडिल, जरा खाली बस."

"मी बसलेलीच आहे. का रे?"

त्याने तिला त्या गोळ्याची सगळी कहाणी सांगितली, झेंटाला दिलेल्या गोळ्यासकट. बोडिल ओंजळीत तोंड लपवून रडली. मग उठली, माझ्यातले कांदे ओसरीवर ओतले, मला एकचाकी हातगाडीत घातले आणि थेट झेंटाच्या दारी नेले. जन्मात पहिल्यांदा मी घराबाहेर पडले.

झेंटाने दार उघडले. "अगं बाई! ही इथं कशी?"

"मी धुतली हिला."

"वासावरूनच कळलं. लग्नाला निघाल्यासारखी घमघमतेय."

"तुमच्याकडे गोळा आहे ना? आईंच्या आईनं दिलेला? त्यातला थोडा द्याल?"

"आहे की. पण वेल्टाला म्हणावं, स्वतः ये मागायला."

"त्या यायच्या नाहीत."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतेय."

बोडिल तिथेच पायरीवर बसून राहिली. इकडे वेल्टा घरी परतली तर ओसरीभर कांदे, काथवट नाही, सून नाही. हातगाडीच्या चाकाची रेघ धरून ती झपाझप निघाली आणि झेंटाच्या फाटकापाशी येऊन थांबली. इतक्या वर्षांत तिने त्या फाटकाला हात लावला नव्हता.

"झेंटा, माझी पोरगी इथं आहे का?"

"आहे. तुझी काथवटपण आहे," झेंटा म्हणाली.

"काथवट जाऊ दे चुलीत. मला वाटलं, ही बोटीनं परत गेली."

मला चुलीत घालायची भाषा! पण खरे सांगते, मला मुळीच राग आला नाही. बोडिल उभी राहिली. "आई, तुम्ही मला रागावला का नाहीत? एकदा ओरडायचं तरी!"

"नव्या माणसावर पहिल्याच वर्षी ओरडू नये, अशी आपल्याकडे रीत आहे."

"आणि जुन्या मैत्रिणीशी अबोला धरून बसावं, ही कुठली रीत गं?" झेंटाने विचारले.

वेल्टाने फाटक ढकलले आणि ती आत आली. मग म्हणाली, "तू अजून शहाजिरं घालतेस."

"घालते."

"वास चांगला येतोय."

आमच्या किनाऱ्यावर याहून मोठी माफी कुणी मागत नाही. झेंटा डोळे पुसत आत गेली, मूठभर गोळा घेऊन आली आणि अंगठ्याने माझ्या कोपऱ्यात दाबून बसवला. "तुझ्या आईचंच आहे हे. मी फक्त सांभाळलं."

बाहेर नेलेली काथवट झुरते म्हणतात. मला तर तिथे माहेरचे माणूस भेटले.

पीठ फुगले, मित्रांनो! माझ्या काठापर्यंत आले. पाव भट्टीत सरकवायच्या लाकडी फावड्यावर मेपलच्या झाडाची पाने पसरून त्यावर पाव थापला, आणि फुली काढायची वेळ आली तेव्हा वेल्टा बाजूला सरली. "उमटव," ती बोडिलला म्हणाली. बोडिलने हाताची कड पावावर टेकवली. फुली साफ वाकडी उमटली.

मेजावरच्या गमती मी ऐकूनच जाणते, कारण मी घरीच होते. आमचा पाव सर्वांत आधी कापला. म्हणे, एक फिनलंडचा पाहुणा जेवणभर अवाक्षर बोलला नाही आणि शेवटी "अजून" म्हणाला. एवाल्डने पाव फिरवून फिरवून पाहिला. "वेल्टा, फुली वाकडी आहे. आणि यात शहाजिऱ्याचे दाणेपण दिसतायत!"

"आमच्या घरचा पाव असाच असतो," वेल्टा म्हणाली.

आता वेल्टा नाही, झेंटाही नाही. बोडिलचे केस पांढरे झाले आहेत, आणि फुली अजून वाकडीच येते. मित्रांनो, माझे मागणे लहानसेच आहे. कुणाच्या घरातली जुनी वस्तू उजळायला घेण्याआधी तिच्या धन्याला विचारा. आणि तुमच्या घरी नवे माणूस आले असेल, तर ते विचारील म्हणून वाट पाहत बसू नका. आपणहून सांगा. न सांगितल्यामुळे काय काय वाया जाते, ते मी ओसरीवर कांदे भरून घेऊन पाहिले आहे.

परवाच झेंटाच्या नातवाची बायको दारात आली. आइसलँडची पोर, बुजरी, हातात रिकामे भांडे. तिने तोंड उघडण्याआधीच बोडिल हसून म्हणाली, "ये, ये, आत ये. गोळा देते. पण आधी ऐक, पोरी, काथवट धुवायची नाही हं!"